रान तुमचं, पण त्यातला मुरूम कुणाचा?

प्रश्न : आम्ही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातले. तिघा भावांच्या नावावर साडेतीन एकर माळ आहे, अर्ध्यात काजू, बाकी गवत. वर अडीच फूट लाल माती, खाली मुरूम, एका कोपऱ्यात जांभा. रस्त्याच्या कामाचा एक ठेकेदार आला आहे. वीस गुंठ्यांतून दहा फूट खोल मुरूम काढतो, टिपरमागे पैसे देतो, बाँडवर लिहून घेऊ, परवान्याचं आणि रॉयल्टीचं आम्ही बघतो, असं म्हणतो. मुलगा म्हणतो, जमीन आपली तर मुरूमही आपला, परवाना कशाला? महाराष्ट्रातल्या चंदगडचे पाहुणे म्हणतात, बाजारभावाच्या पाचपट दंड बसतो. त्यात मागच्या महिन्यात दोन माणसं येऊन दगडाचे तुकडे घेऊन गेली, बॉक्साइट बघतोय म्हणाली. आजोबांच्या खरेदीपत्रात ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह’ असं लिहिलं आहे. मग पाषाण आमचाच ना? काय करावं?

उत्तर : दादा, बाँडवर सही करू नका, निदान खाली सांगितलेले कागद हातात येईपर्यंत. ठेकेदार माणूस म्हणून कसाही असो, उद्या मोजणीला अधिकारी आले की ते आधी सर्व्हे नंबर बघतात आणि मग उताऱ्यावरचं नाव. ते नाव तुम्हा तिघांचं आहे.

आधी खरेदीपत्राचं बघू. ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप’ हे शब्द जुन्या सनदांतले. दस्त लिहिणाऱ्यांनी ते पुढे साध्या खरेदीपत्रांतही जसेच्या तसे उतरवले. पण विकणाऱ्याकडे जे होतं तेवढंच तो देऊ शकतो. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. तिथे लागू असलेल्या १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत, कलम ६९ खाली, सारा भरणाऱ्या साध्या जमिनीतल्या खाणी आणि खनिजं सरकारने स्वतःकडे राखून ठेवली होती. नंतर आलेल्या कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ७० नुसारही खनिजांचा हक्क राज्य सरकारकडे आहे. त्यामुळे रयतेच्या साध्या जमिनीच्या खरेदीपत्रातल्या ‘पाषाण’ या शब्दावर विसंबून टिपर भरता येत नाही. निधिनिक्षेपाचंही तसंच. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्याने तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

तुमच्या मुलाने कुठेतरी वाचलं असेल की सुप्रीम कोर्टाने खनिज जमीनमालकाचंच म्हटलं आहे. असा निकाल खरंच आहे. ८ जुलै २०१३ चा, केरळच्या मलबार भागातल्या जन्मम, म्हणजे पूर्ण खासगी मालकीच्या, जमिनींबद्दलचा. कोर्ट म्हणालं, जमिनीखालचं खनिज सहसा जमिनीच्या मालकीबरोबर जातं, कायद्याने ते काढून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे ती ‘गोष्ट वेगळी’ म्हणजे वर सांगितलेली कलमं. तुमच्या घराण्यात खरोखरची इनाम सनद असेल, मोडीतली असली तरी, ती वाचून घेऊन वकिलाला जरूर दाखवा. तिथे हा निकाल उपयोगी पडू शकतो. पण सनद निघाली तरी खणण्याचा परवाना चुकत नाही. खनिज कुणाचं हा एक प्रश्न आणि ते काढायला परवानगी लागते का हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर खाणी व खनिजे कायदा १९५७ देतो : परवान्याशिवाय काढू नका, परवान्याशिवाय वाहू नका.

मग तुमचं काय उरलं? पुष्कळ उरलं. वरची जमीन तुमची आहे. खासगी जमिनीतला मुरूम, जांभा, बांधकामाचा दगड ही गौण खनिजं. त्यांचा खाणपट्टा कर्नाटक गौण खनिज सवलत नियम १९९४ खाली मिळतो, आणि खासगी जमिनीवर त्यासाठी अर्ज मालकाने स्वतः करायचा असतो किंवा मालकाच्या संमतीने दुसऱ्याने. म्हणजे ठेकेदाराला जे संमतीपत्र हवं आहे तेच तुमच्या हातातलं खरं वजन आहे. ते कोऱ्या बाँडवर देऊन टाकलंत की बोलायला काही उरत नाही.

आता घरच्या वापराबद्दल, कारण पाहुण्यांनी तुम्हाला उगाच घाबरवलं आहे. पाचपट दंड हा महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतला, कलम ४८ चा. तुमची जमीन कर्नाटकात, तिला तो लागू नाही. विहीर खणणं, घराचा पाया खणणं, पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने बाजूला करणं, रोजगार हमीतून गावतळ्याचा गाळ काढणं, कुंभाराने हाताने माती काढणं, या गोष्टींना केंद्राच्या १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेत पर्यावरण मंजुरीतून सूट आहे. साध्या मातीबद्दल तर पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की पायासाठी खणलेली माती त्याच जागेवर वापरली, तर ती कशासाठी वापरली हे बघूनच आकारणी ठरवायची. तेव्हा शेतातली माती त्याच शेतात बांधाला घातली म्हणून कुणी तुरुंगात जात नाही.

सगळा फरक पडतो तो टिपर बांधाबाहेर गेला की. कृषी होंडा (सरकारी योजनेतलं शेततळं) मंजूर करून घ्यायचा, तळं खणतोय म्हणून दाखवायचं आणि मुरूम विकायचा, ही युक्ती सीमाभागात बऱ्याच ठिकाणी सुचवली जाते. सूट तळं खणण्याला आहे, मुरूम विकण्याला नाही. तळ्यातून निघालेला मुरूम विकायचाच असेल तर खाण व भूविज्ञान खात्याचा लेखी परवाना आधी, रॉयल्टी आधी, गाडी नंतर.

ठेकेदार तुम्हाला आणखी एक सांगेल, ‘रॉयल्टी तर आमच्या बिलातून कापली जाते, म्हणजे सगळं कायदेशीरच झालं.’ सरकारी कामाच्या बिलातून रॉयल्टी कापून घेतात हे खरं. पण तो पैशाचा हिशेब झाला. विनापरवाना खणलेला खड्डा त्याने परवान्याचा होत नाही. १९५७ च्या कायद्याच्या कलम २१ खाली विनापरवाना उत्खननाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड आहे. त्या कायद्याखालचे नियम मोडणं चालूच राहिलं तर दिवसाला पन्नास हजारांपर्यंत आणखी दंड नियमांत ठेवता येतो. गाडी आणि यंत्रं जप्त होतात. नेलेल्या मालाची किंमतसुद्धा वसूल करता येते, आणि चोरीचा गुन्हा वेगळा लागू शकतो. माल तुमच्या संमतीने गेला असं बाँड सांगत असेल, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही.

आता वीस गुंठ्यांचा हिशेब मांडू. ठेकेदाराशी बोलताना हाच कागद समोर ठेवा. वीस गुंठे म्हणजे साधारण २,०२३ चौरस मीटर, ढोबळमानाने ४५ मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद चौकोन. दहा फूट म्हणजे तीन मीटर. सरळ गुणलं तर ६,०७५ घनमीटर. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे जागेवरचे सुमारे २,१४५ ब्रास. खणल्यावर मुरूम सुटतो आणि फुगतो, साधारण पाव पट, म्हणजे गाडीत भरताना ते २,६८० ब्रासच्या आसपास जातं. ठेकेदार मनात हा आकडा धरून बोलतोय.

पण कायद्याने चालायचं तर हा चौकोन पुरा खणता येत नाही. खाणीच्या आराखड्यात हद्दीपासून ७.५ मीटरचा पट्टा सगळीकडून सोडलेला असतो. ४५ मधून दोन्ही बाजूंचे मिळून १५ गेले, राहिले ३० बाय ३०. शिवाय मुरुमात सरळ भिंत ठेवायची नाही. खाणींच्या १९६१ च्या विनियमांनुसार मुरूम, माती अशा सुट्या थरात पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नको, आणि रुंदी निदान उंचीएवढी हवी. तीन मीटर खोलीला दोन पायऱ्या होतात. वरची ३० बाय ३० आणि दीड मीटर खोल, १,३५० घनमीटर. खालची २७ बाय २७, तीही दीड मीटर, १,०९३ घनमीटर. दोन्ही मिळून २,४४३. त्यात वरची अडीच फूट लाल माती आहे, ती विकायची नाही, राखून ठेवायची आहे. ते ६७५ घनमीटर वजा करा. मुरूम उरला सुमारे १,७७० घनमीटर, जागेवरचे ६२५ ब्रास, गाडीतले साधारण ७८०.

म्हणजे ठेकेदाराच्या मनातला आकडा २,६८० आणि कायद्यात बसणारा ७८०. हा जो फरक आहे तो शेवटी कुठून तरी काढला जातो. हद्दीचा पट्टा खणला जातो, पायऱ्या सोडल्या जात नाहीत, खोली दहाची अठरा फूट होते. पश्चिम खानापुरातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. जूनमध्ये मुरुमाची सरळ भिंत भिजली की खालून सुटते आणि वरची जमीन घेऊन खड्ड्यात येते. शेजाऱ्याचा बांध गेला तर दावा तुमच्यावर. काजूची झाडं खड्ड्याच्या काठापासून किती अंतरावर राहतील हेही नकाशावर आधी बघा, कारण मुळाखालचा मुरूम गेला की झाड लगेच पडत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत वाळत जातं, आणि तोवर ठेकेदार दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

राखून ठेवायच्या लाल मातीला जागाही लागते. ६७५ घनमीटर माती सुटल्यावर ८१० होते. दीड मीटर उंचीचा ढीग लावला तर निदान सव्वापाच गुंठे अडतात. ती जागा वीस गुंठ्यांच्या बाहेर, तुमच्या गवताच्या भागात धरावी लागेल, आणि तिचंही भाडं करारात यायला हवं. ही माती गेली तर तो तुकडा पुन्हा शेती म्हणून उभा राहत नाही, म्हणून यावर अजिबात तडजोड करू नका.

गाडी मोजायची रीत सोपी आहे. हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा, गुणा आणि १०० ने भागा. १४ बाय साडेसात बाय ४ असेल तर ४२० घनफूट, म्हणजे ४.२ ब्रास. वजनात हे साधारण १९ टन. कायदेशीर वाहतुकीत प्रत्येक गाडीबरोबर खाण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतून निघालेला खनिज वाहतूक परवाना असतो, त्याला सगळे एमडीपी म्हणतात. तो टनांत असतो आणि त्यावर गाडी नंबर, वेळ आणि ठिकाण असतं. तुमची वही ब्रासमध्ये आणि त्यांचा परवाना टनांत, म्हणून दोन्ही आकडे रोज लिहा. टिपरमागे पैसे घेण्यापेक्षा एक पद्धत आम्हाला कितीतरी बरी वाटते. काम सुरू होण्याआधी सर्व्हेयरकडून जमिनीच्या पातळ्या घ्यायच्या, संपल्यावर पुन्हा घ्यायच्या, आणि फरकाच्या घनमीटरवर पैसे. रात्रीची गाडी वहीतून सुटते, खड्ड्याच्या मापातून सुटत नाही.

आता उतारा काढा. इथे महाराष्ट्राचा सातबारा नाही, आरटीसी आहे, म्हणजे पहाणी, आणि तिच्यात बघायच्या जागा वेगळ्या. तिसऱ्या रकान्यात क्षेत्र असतं आणि त्यातला खराबा ‘अ’ आणि ‘ब’ असा दोन प्रकारे दाखवलेला असतो. ‘अ’ खराबा म्हणजे तुमचीच पण पिकाला निरुपयोगी जागा. ‘ब’ खराबा म्हणजे वाट, नाला, स्मशान अशी सार्वजनिक राखीव जागा, ती सरकारची. माळाच्या आणि डोंगराच्या जमिनीत मुरूम-जांभ्याचा तुकडा नेमका खराब्यात निघतो. तो ‘ब’ मध्ये असेल तर तुमच्या संमतीला काडीची किंमत नाही, आणि खणलं तर सरकारी जमीन खणल्याचा ठपका येतो.

नवव्या रकान्यात मालकांची नावं. तिघांची नावं एकत्र असतील आणि वाटणी नुसती तोंडी असेल, तर एकाची सही पुरत नाही. तिघांच्या हव्यात, आणि नाव लागलेल्या बहिणी असतील तर त्यांच्याही. ठरावीक वीस गुंठेच द्यायचे असतील तर आधी ११-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी खात्याचा नकाशा, करून घ्या आणि हद्दबस्त, म्हणजे हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज द्या. दगड रोवले गेल्याशिवाय ‘हा कोपरा’ हे शब्द करारात येऊ देऊ नका. अकराव्या रकान्यात बोजा. पीकेपीएसचं (गावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थेचं) किंवा बँकेचं कर्ज तिथे चढलेलं असेल तर त्यांची लेखी ना-हरकत लागेल, कारण जमीन गहाण असताना तिचा थर विकणं म्हणजे तारण कमी करणं. कुळ कायद्याने मिळालेली किंवा सरकारने मंजूर केलेली जमीन असेल, तर मंजुरीच्या आदेशातल्या अटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. अनुसूचित जाती-जमातींना मंजूर जमिनींना १९७८ चा वेगळा कायदा लागू आहे.

पत्रात तुम्ही पश्चिम भाग म्हटलंत म्हणून हेही बघा : भीमगड अभयारण्याच्या हद्दीपासून तुमचा सर्व्हे नंबर किती लांब आहे? अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामाला सुप्रीम कोर्टाची मनाई आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात बेळगाव जिल्ह्यातली गावंही आहेत आणि त्यात खाणकामबंदी प्रस्तावित आहे. तुमच्या गावाचं नाव त्या यादीत आहे का ते ग्रामपंचायतीत किंवा वन खात्यात विचारा. असेल तर दीर्घ मुदतीच्या पट्ट्याच्या नादाला लागण्यात अर्थ नाही.

हे सगळं ठीक निघालं तर ठेकेदाराला सांगा : आधी परवाने, मग जेसीबी. त्याच्या हातात काय हवं? जिल्ह्याच्या खाण व भूविज्ञान कार्यालयाचा खाणपट्टा किंवा परवाना, त्यात तुमचा सर्व्हे नंबर आणि नकाशा. मान्यताप्राप्त तज्ज्ञाने केलेला खाण आराखडा. शेतजमिनीचा बिनशेती वापर करायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ ची परवानगी. महसूल आणि वन खात्याची ना-हरकत. राज्य पर्यावरण आघात प्राधिकरणाची मंजुरी. सुप्रीम कोर्टाच्या २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालापासून पाच हेक्टरच्या आतल्या छोट्या खाणींनाही ती लागते. पाचशे मीटरच्या परिघात आणखी पट्टे असतील तर सगळे मिळून मोजतात, आणि बेरीज पाच हेक्टरच्या वर गेली तर जनसुनावणीपर्यंत प्रकरण जातं. शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र. ‘अर्ज दिलाय’ ही पावती म्हणजे परवाना नव्हे. वीस गुंठ्यांच्या तुकड्याला पट्टा देतील का, हेच मुळात कार्यालयात लेखी विचारून घ्या. पट्टा स्वतःच्या नावावर घ्यावा असं कुणी सुचवेल. एवढ्या तुकड्यासाठी आम्ही तसं सुचवणार नाही, कारण रॉयल्टी, विवरणपत्रं, सुरक्षा आणि खड्डा पूर्ववत करणं हे सगळं मग तुमच्यावर येतं.

जांभ्याच्या कोपऱ्याला यात मिसळू देऊ नका. मुरुमाच्या परवान्यावर चिरे काढता येत नाहीत, आणि चिरेखाण यंत्राने कापली की दहा-पंधरा फुटांच्या ताठ भिंती राहतात, पावसाळ्यात त्यात पाणी भरतं. गुरं आणि पोरं तिथेच जातात. सुरुंगाचा विषय निघाला तर सरळ नाही म्हणा. सहा मीटरपेक्षा जास्त खोल नाही, पन्नासपेक्षा जास्त माणसं नाहीत आणि स्फोटकं नाहीत, एवढं पाळलं तर मुरूम-जांभ्याची उघडी खाण १९५२ च्या खाण कायद्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर राहत असे; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने घेतली आहे. एक सुरुंग लावला की ती सवलत जात असे.

करार एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर तो नोंदणीकृतच हवा. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ मुळे नुसत्या बाँडवरचा असा भाडेपट्टा कोर्टात टिकत नाही. वर्षाच्या आतला असला तरी सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा, खर्च ठेकेदाराचा. वटमुखत्यारपत्र देऊ नका, त्याने तो तुमच्या नावाने अर्जही करील आणि तिसऱ्याला पोटभाड्यानेही देईल. मसुदा कन्नडमध्ये असेल तर मराठी प्रत जोडून घ्या आणि ‘हा दस्त मराठीत वाचून दाखवला व समजला’ हे वाक्य साक्षीदाराच्या सहीसह त्यातच असू द्या. वाचता न येणाऱ्या पानावर अंगठा किंवा सही नको, मग घाई कुणालाही असो.

करारात खोली मीटरमध्ये लिहा आणि ती कुठल्या दगडापासून मोजायची तेही लिहा. हद्दीचा पट्टा, पायऱ्या, मातीचा ढीग, कुंपण, गाड्यांची वाट आणि तिची दुरुस्ती लिहा. पैसे बँकेतून. अनामत रक्कम आगाऊ, आणि ती माती परत पसरून झाल्यावरच परत. सगळ्यात महत्त्वाचं कलम असं : कुठल्याही खात्याने केलेली आकारणी, दंड किंवा जप्ती ठेकेदार भरेल, आणि परवाना संपला, रद्द झाला किंवा एमडीपीशिवाय गाडी निघाली त्या क्षणी संमती संपली. या कलमाने सरकारपुढची तुमची जबाबदारी पुसली जात नाही. पण ठेकेदाराकडून वसूल करायला हातात कागद राहतो.

बॉक्साइटची गोष्ट निराळी आहे. बेळगाव-खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात जांभ्याच्या माथ्यांवर बॉक्साइट सापडतं आणि बेळगावात अॅल्युमिनाचा कारखानाही आहे, तेव्हा कुणी नमुने नेले यात नवल नाही. पण बॉक्साइट प्रधान खनिज आहे. त्याचा पट्टा तुमच्या संमतीपत्रावर कुणाला मिळत नाही, १२ जानेवारी २०१५ पासून तो लिलावानेच जातो आणि मुदत ५० वर्षांची असते. म्हणून ‘बॉक्साइटसाठी संमती द्या, आगाऊ रक्कम घ्या’ म्हणत येणाऱ्याला काही देऊ नका, तो बहुधा जमिनीचा दलाल असतो. सरकारी संस्थेची माणसं असतील तर त्यांच्याकडे ओळखपत्र आणि आदेशाची प्रत असते, ती मागा आणि फोटो काढून ठेवा. भोक पाडलं तर ते बुजवून घ्या. पीक मोडलं तर त्याच दिवशी पंचनामा.

उद्या खरोखरच लिलाव होऊन कुणाला पट्टा मिळाला, तर १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याच्या कलम २४-अ ने त्याला जमिनीत शिरण्याचा हक्क मिळतो, पण फुकट नाही. घराला लागून असलेल्या आवारात सात दिवसांच्या लेखी नोटिशीशिवाय किंवा तुमच्या संमतीशिवाय येता येत नाही, आणि वरच्या जमिनीची वार्षिक भरपाई द्यावी लागते. शेतजमिनीची भरपाई तशाच जमिनीच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नावर ठरते. इथे बरेच शेतकरी हरतात, कारण पहाणीच्या बाराव्या रकान्यात पीक म्हणून ‘गवत’ किंवा ‘पड’ लागलेलं असतं. तुमच्या अर्ध्या रानात काजू आहे. ती नोंद आहे का बघा, नसेल तर या हंगामाच्या पीक पाहणीत लावून घ्या, आणि काजू विक्रीच्या पावत्या, खताची बिलं एका फाइलीत ठेवायला लागा. तीन वर्षांचे कागद एका दिवसात तयार होत नाहीत.

ठेकेदाराने तुम्हाला न विचारता खणायला सुरुवात केली तर त्याच दिवशी जागेचे फोटो काढा, गाडीचे नंबर लिहून घ्या, आणि तहसीलदार, खाण व भूविज्ञान कार्यालय आणि पोलीस ठाणे या तिघांना एकाच मजकुराचा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तुमच्या सर्व्हे नंबरवर कुणी आधीच अर्ज केला आहे का, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. हा अर्ज तर ठेकेदाराला होय किंवा नाही म्हणण्याआधीच टाका, आणि त्याच फेरीत हद्दबस्ताचाही.